पत्रकातलं तिसरं कलम

नवी बाई शिकायला आली की पहिल्या दिवशी मी तिला गाडीवर बसू देत नाही. गाडी ढकलायला लावते. इंजिन बंद, दोन्ही हातांनी हँडल धरायचं आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या. बायकांना हे मुळीच आवडत नाही. "ताई, गाडा ओढायचं काम घरी आहेच, तुमच्याकडे चालवायला आलोय," असं एकीने मला तोंडावर सुनावलं होतं. पण हे एवढं धूड आपल्या दोन हातांत आडवं होत नाही, हे डोक्याला सांगून उपयोग नसतो. ते हातापायांना पटावं लागतं. चौथ्या फेरीला खांदे खाली येतात. खांदे खाली आले की मी वहीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण करते. खूण झाली नाही तर दुसऱ्या दिवशीही ढकलणंच.

सिल्वासात मी बायकांना दुचाकी शिकवते. फक्त बायकांना आणि फक्त बिनगिअरची, जिला आमच्याकडे सगळे स्कूटीच म्हणतात. दिवाळी अंकासाठी 'तुमचा प्रवास लिहा' असा निरोप आला, तेव्हा मी आधी एक यादी केली आणि मग तिच्यातलं बहुतेक खोडलं. जन्म, शाळा, लग्न, धुळे जिल्ह्यातून इकडे येणं, हे इथल्या निम्म्या घरांत सारखंच आहे. ते कोणीही कोणाच्याही नावाने लिहावं. मी माझ्या कामातल्या चार गोष्टी सांगते.

आधी काम काय आहे ते. बिनगिअरच्या गाडीत शिकायला फार काही नाही असं पुरुष म्हणतात. खरं आहे. उजवी मूठ पिळली की गाडी पळते, डाव्या हाताने मागचा ब्रेक, उजव्या हाताने पुढचा. अडचण एवढीच की पळवणं आणि पुढचा ब्रेक एकाच हातात दिलाय, आणि माणूस घाबरलं की मूठ आवळतं. म्हणजे जिथे थांबायचं तिथेच गाडी उडी मारते. समोर म्हैस आली, बाई घाबरली, मूठ आवळली, गाडी म्हशीवर. त्यामुळे माझं निम्मं काम गाडी शिकवण्याचं नाहीच. घाबरल्यावर मूठ सैल सोडायला शिकवण्याचं आहे. हे उलटं आहे. सवयीशिवाय होत नाही.

याच्या आधी मी चौदा वर्षं सुताच्या कारखान्यात पॅकिंगला होते, शेवटची सहा वर्षं सुपरवायझर. सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, मोजायचे, खोक्यात भरायचे, डाग तपासायचे, प्रत्येक खोक्याबरोबर तपासणीचा कागद. याद्या करायची सवय तिथली. मग पॅकिंगला मशीन आलं आणि आम्हा बायकांना एकेक करून निरोप मिळाला. मी चव्वेचाळीस वर्षांची होते. बरोबरच्या दोघीतिघी म्हणाल्या, "ताई, तुम्ही स्कूटी चालवता ना, आम्हाला शिकवा की. दुसरीकडे काम मिळेल, पण तिथे पोचायचं कसं?"

मला स्वतःला चालवायला येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. शिकवणारी म्हणून मी उभी राहायची, ही कल्पनाच मला खोटी वाटत होती. मी वही काढली आणि काय काय बिघडू शकतं याची यादी केली. सतरा कलमं झाली. एक : कोणी येणारच नाही. दोन : कोणीतरी येईल. पुढची पंधरा दुसऱ्यातूनच निघाली होती.

आमचे हे एका प्लास्टिकच्या कारखान्यात फिटर आहेत. त्यांनी ती यादी चहा पिता पिता वाचली आणि म्हणाले, "अठरावं लिही. नवरा गाडी देणार नाही."

"देणार नाही का?"

"देतो गं. पण यादी पूर्ण पाहिजे ना तुझी."

पुढच्या रविवारी त्यांनी गाडीच्या मागे एक लोखंडी दांडा वेल्डिंग करून दिला. शिकणारी गाडीवर, मी मागून दांडा धरून धावते. सात वर्षं धावतेय. औद्योगिक वसाहतीत एका बंद गोडाऊनमागे मोकळा फरशीचा चौक आहे, तिथे मालकाची परवानगी घेतली; तेच आमचं मैदान. तिथला वॉचमन बिहारचा. पहिल्या दिवशी त्याने खुर्ची बाहेर काढून ठेवली आणि विचारलं, "मैडम, रोज होगा क्या ये तमाशा?" मी म्हटलं, "रोज." तो म्हणाला, "बढ़िया."

पत्रक छापायचं ठरलं. 'महिलांसाठी दुचाकी प्रशिक्षण' असं मथळ्याला आणि खाली : एक, सपाट रस्ता. दोन, गर्दीचा रस्ता. दोन कलमांची यादी मला अपुरी वाटते, सवयच तशी. म्हणून मी तिसरं घातलं. तीन, चढ-उताराचा रस्ता. छापून आलं, छान दिसलं. ती चूक मला पुढे कुठे नेणार आहे याचा तेव्हा पत्ता नव्हता.

आता एक गोष्ट जी मला सांगायला आवडत नाही. पहिल्याच वर्षी ज्योती नावाची मुलगी आली. नरोलीला कारखान्यात होती, चाळीतल्या एका खोलीत तिघी मिळून राहायच्या. कामाची पाळी संपली की हमरस्त्यापासून खोलीपर्यंतचं अंतर चालावं लागायचं, म्हणून तिला गाडी हवी होती. मेहनती. ढकलायला सांगितलं तर चारच्या जागी सहा फेऱ्या. पण गाडीवर बसली की दहा पावलांत डावीकडे. दांडा धरून मी उजवीकडे ओढायची, ती डावीकडे जायची. अकरा दिवस. बाराव्या दिवशी ती गोडाऊनच्या गटारात गेली, मीही बरोबर गेले. माझं कोपर सोललं. मी दमले होते, आणि खरं सांगायचं तर मला माझीच लाज वाटत होती. मी म्हटलं, "ज्योती, राहू दे. सगळ्यांना जमतंच असं नाही."

तिने ओढणी झटकली. "बरं ताई," म्हणाली. "मला वाटलंच होतं."

वहीत मी तिच्या नावापुढे 'सोडलं' असं लिहिलं. कोणी सोडलं ते लिहिलं नाही.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी सामंत बाई आल्या. सरकारी शाळेत शिक्षिका, मूळच्या कोकणातल्या, बदलीने इकडे येऊन वीस वर्षं झालेली. शिकायला आल्या त्या वही-पेन घेऊन. मी एक वाक्य बोलले की त्या लिहून घ्यायच्या आणि विचारायच्या, "कारण?" मूठ हळू पिळा. कारण? आधी मागचा ब्रेक. कारण? चार दिवसांत त्यांनी मला इतकी कारणं विचारली की मी रात्री यांना विचारून सकाळी उत्तरं द्यायला लागले.

त्याही डावीकडे जायच्या. दर वेळी, त्याच करंजाच्या झाडाकडे. पाचव्या दिवशी करंजाच्या फांदीत अडकलेला चष्मा काढता काढता मी म्हटलं, "बाई, या झाडाचं आणि तुमचं काय आहे?"

"मला काय माहीत!" बाई चिडल्या होत्या. "अहो, वीस वर्षं आमच्या यांच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसलेय. डावीकडचाच सिल्वासा बघितलाय मी आयुष्यभर. उजवीकडे काय आहे मला ठाऊकच नाही."

आम्ही दोघीही हसलो. मग मी हसायची थांबले. "पुन्हा सांगा," म्हटलं.

मागे एका बाजूला बसणाऱ्या बाईचं तोंड डावीकडे असतं. पाच वर्षं, दहा वर्षं, वीस वर्षं ती चालत्या गाडीवरून डावीकडेच बघते. तिला हँडल दिलं की शरीर आपसूक डावीकडे वळतं, नजर तिकडे जाते आणि नजर जाईल तिकडे गाडी जाते. पुरुषांना शिकवणाऱ्या कोणाला हे कळणार नाही, कारण पुरुष असे कधी बसलेच नाहीत. मी वहीत नवा रकाना पाडला : 'मागे बसून किती वर्षं?' जुन्या बायकांना फोन करून विचारलं. जास्त वर्षं, जास्त डावीकडे. अगदी सरळ हिशेब.

तेव्हापासून पद्धत बदलली. ढकलण्यानंतरचे दोन दिवस बाई माझ्या मागे बसते, दोन्ही बाजूंना पाय टाकून, आणि माझ्या उजव्या खांद्यावरून समोर बघत समोरचं मोठ्याने सांगते. "ट्रक. कुत्रा. वॉचमन चहा पितोय." काहींना असं बसायचीच लाज वाटते. एका सासूबाईंनी सुनेला असं बसलेलं पाहून पदर तोंडावर घेतला होता. पुढे त्याच सासूबाई सुनेच्या मागे तशाच बसून बाजारात जाताना मला दिसल्या, आणि त्यांनी मला ओळख दाखवली नाही.

ही पद्धत हातात आल्यावर मी नरोलीला गेले, ज्योतीला शोधायला. खोलीत दुसऱ्याच मुली होत्या. कारखान्यात म्हणाले, काम सोडून गेली, वापीला की कुठे. तिचा नंबर लागला नाही. इकडे लोक असेच येतात आणि जातात, पत्ता ठेवत नाहीत. तिला फक्त उजवीकडे बघायला सांगायचं होतं. एवढंच होतं.

आता रंजनाची गोष्ट.

रंजना नंदुरबारकडची. नर्सिंगचा कोर्स केलेली, इथे भावाकडे राहायची आणि एका खाजगी दवाखान्यात काम करायची. माझ्याकडे शिकली, लायसन्स काढलं, खूण झाली. दोन महिन्यांनी, एका बुधवारी सकाळी ती चौकात हजर. हातात एक लिफाफा आणि माझं पत्रक.

"ताई, ऑर्डर आली. कंत्राटी आहे, पण सरकारी. दुधनीच्या पुढचं आरोग्य उपकेंद्र."

"अगं मग पेढे कुठेत?"

"सोमवारी हजर व्हायचंय. पाड्यापाड्यांवर फिरावं लागणार. बस आहे, पण ती तिच्या वेळेला. तिथं साहेबांनी फोनवर विचारलं, गाडी येते का? मी म्हटलं येते." तिने आवाज खाली आणला. "ताई, मला सपाटीवर येते. खानवेलच्या पुढं तर सगळा घाटच आहे. आणि सोमवारी हजर नाही झाली तर यादीतलं पुढचं नाव घेणार."

मग तिने पत्रक उलगडून माझ्यासमोर धरलं. "यात तिसरं लिहिलंय की. चढ-उताराचा रस्ता. ते तुम्ही मला शिकवलंच नाही."

सात वर्षांत तिसरं कलम कोणी मागितलं नव्हतं. सिल्वासा सपाट आहे. कारखाने सपाट जागेवर असतात.

आणि मला उतार येत नव्हता.

शिकले त्या पहिल्या वर्षी आम्ही दोघं दोन गाड्यांवर दुधनीला धरण बघायला निघालो होतो. खानवेल सोडल्यावर तिसऱ्या की चौथ्या उतारावर, वळणात खडी होती. मी पुढचा ब्रेक गच्च दाबला. मनगटात स्टीलची पट्टी घालावी लागली, ती अजून आहे. धरण राहिलं. तेव्हापासून उतार आला की माझे हात गार पडतात. नंतर कुठे उताराच्या रस्त्याला जायचं झालं तर मी बसने जायचे आणि सांगायचे की पेट्रोल महागलंय. आमच्या यांच्याशिवाय हे कोणाला माहीत नव्हतं. बायकांना भीती घालवायला शिकवणाऱ्या बाईंची ही अवस्था.

"उद्या तयारी करते," मी रंजनाला म्हटलं. "परवा सकाळी सात वाजता ये."

घरी आल्यावर यांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यात काय! मी नेतो तिला दोन दिवस. रजा काढतो. तू इथलं बघ. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"मनगटाला काय झालं तर?"

"एकच पट्टी आहे, दुसऱ्या मनगटाला जागा आहे," असं मी म्हटलं खरं, पण जेवण गेलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे एकच येत होतं. परवा मी रंजनाला 'राहू दे' म्हणणार आणि ती 'मला वाटलंच होतं' म्हणणार.

गुरुवारी सकाळी मी एकटीच निघाले. खानवेलपर्यंत मजेत. पुढे सागाचं जंगल सुरू झालं आणि पहिल्या उताराच्या माथ्यावर मी थांबले. खाली बघितलं. इंजिन बंद केलं, उतरले, आणि काय केलं सांगते : गाडी हातात धरून चालत उतार उतरू लागले. पहिल्या दिवसाच्या बायकांसारखी. ब्रेक दाबून, पाय रोवून, घामाघूम.

मागून एक म्हातारी आली. डोक्यावर लाकडाची मोळी, अनवाणी. माझ्या बाजूला येऊन तिने चाल हळू केली.

"गाडी बिघाडली काय गो?"

"नाही."

"मंग तेल नाय?"

"आहे."

"मंग बैलासारखी ओढीत कशाला नेतं तिला?"

तिथे तिसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "भीती वाटते."

"काय वाटतं?"

"भीती. उताराची." इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी हे परक्या माणसाला मोठ्याने म्हटलं, तेही दोनदा, कारण तिला कमी ऐकू येत होतं.

म्हातारी दात नसलेल्या तोंडाने मनसोक्त हसली. मग म्हणाली, "तं हळू जा," आणि मला मागे टाकून पुढे गेली. मी तिच्याकडे बघत राहिले. माथ्यावर एवढं ओझं, पण ती कुठेही अडत नव्हती आणि कुठेही घसरत नव्हती. पाऊल छोटं. टेकवलं, जरा थांबलं, सोडलं. टेकवलं, थांबलं, सोडलं. एकदाही तिने सगळा भार एका पावलावर अडवून धरला नाही.

मी गाडी वळवून पुन्हा माथ्यावर नेली. वही काढली. सीटवर ठेवून लिहिलं : इंजिन चालू ठेवायचं. दोन्ही ब्रेक, थोडे थोडे, धरा-सोडा, मागचा जरा जास्त. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात ब्रेकला हात नाही. खडी दिसली तर पुढचा ब्रेक विसरायचा. वाचून बघितलं. यातलं नवीन काहीच नव्हतं, सगळं मला दहा वर्षांपासून माहीत होतं. मग मी माझ्याच विद्यार्थिनीला सांगावं तसं स्वतःला सांगितलं, "खांदे खाली," आणि सुटले.

पहिल्यांदा उतरले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, वाऱ्याने नव्हे. दुसऱ्यांदा जरा बरं. पाचव्यांदा खाली पोचले तेव्हा म्हातारी उताराच्या पायथ्याशी मोळी टेकून बसली होती. मी फुशारकीने गाडी तिच्यापाशी थांबवली. "बसा, पाड्यावर सोडते."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नको गो माय," म्हणाली. "तू आत्ताच शिकलीस."

संध्याकाळी यांनी दारातच विचारलं, "काय करी राहिनी तू दिवसभर?" मी म्हटलं, "चौदा वेळा पडले नाही." ते म्हणाले, "लिहून ठेव." लिहूनच ठेवलं होतं.

शुक्रवारी सात वाजता रंजना भावाची गाडी घेऊन आली. निघण्याआधी मी तिला सगळं सांगितलं. पत्रकातलं तिसरं कलम मी शोभेला घातलं होतं, मी याच रस्त्यावर पडले होते, आणि त्यानंतर काल पहिल्यांदा हा उतार उतरले. तुला दुसरं कोणी पाहिजे असेल तर आमचे हे आहेत, ते चांगले चालवतात.

तिने हेल्मेट डोक्यावर चढवलं. मग म्हणाली, "त्यांना कधी भीती वाटलीय का उताराची?"

"त्यांना? छे."

"मग त्यांना विचारून काय उपयोग ताई? तुम्हीच चला."

पहिला दिवस बरा गेला. मी पुढे, ती मागे. प्रत्येक उतारावर मी हात वर करून थांबायची, काय करायचं ते तिच्याकडून म्हणून घ्यायची आणि मगच उतरायची. चढावर तर ती माझ्यापेक्षा सरस. शनिवारी मी तिला पुढे घातलं. तिसऱ्या वळणावर खालून बस आली. अरुंद रस्ता, बसचा भोंगा. रंजनाची गाडी थरथरली, खडीवर सरकली आणि ती आडवी झाली. बस थांबली, ड्रायव्हरने मान बाहेर काढून "लागलं का?" विचारलं आणि गेला. गुडघा खरचटला होता, आरसा फुटला होता.

ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आणि रडायला लागली. "नाही होणार ताई. माझ्याच्यानं नाही होणार. पुढचं नाव घेऊ द्या त्यांना. मी दवाखान्यातच बरी."

माझ्या जिभेवर शब्द आले होते. 'राहू दे' हे शब्द फार सोयीचे असतात. ते म्हटले की दोघींची सुटका होते. मी ते गिळले. पाण्याची बाटली दिली, गुडघा धुतला, आणि कारखान्यात खोकं खराब निघालं की मी मुलींना विचारायचे तसं विचारलं, "काय झालं ते क्रमाने सांग."

"बस आली."

"मग?"

"मी घाबरले."

"ते सोड. हातांनी काय केलं?"

तिने डोळे पुसले. "उजवा ब्रेक दाबला. गच्च."

"त्याच्या आधी?"

"आधी..." ती उठून उभी राहिली, वळणाकडे तोंड करून. "आधी मी बसकडे बघत राहिले. रस्त्याकडे बघितलंच नाही. डाव्या अंगाला एवढी जागा होती ताई!"

"किती?"

तिने पावलांनी मोजली. दोन गाड्या गेल्या असत्या.

"चल मग वर," मी म्हटलं. "तू उतरायचं. मी बस."

"म्हणजे?"

म्हणजे मी खालून यायचं, रस्त्याच्या मधोमध, हॉर्न वाजवत. नऊ वेळा मी बस झाले. पहिल्या दोन वेळा ती थांबली. तिसऱ्यांदा रस्त्याच्या कडेने निसटली. पाचव्यांदा मला हॉर्न वाजवून बाजूला काढलं. नवव्यांदा ती माझ्या शेजारून जाताना ओरडली, "ओ ड्रायव्हर, तुमची साइड धरा!" मी इतकी हसले की मलाच थांबावं लागलं. दहाव्यांदा खरी बस आली, तीच, परतीची, या वेळी वरून, तिच्या मागून. रंजना कडेने सरळ उतरली. त्याच ड्रायव्हरने भोंगा दिला, पण या वेळी लांब आणि लाडात.

रविवारी तिला विश्रांती घ्यायला सांगितली. मी मात्र पत्रकाचा गठ्ठा काढून बसले. तिसरं कलम खोडायचं की ठेवायचं, हा प्रश्न आता उरला नव्हता, तरी एकदा वाचून बघितलं.

सोमवारी सकाळी ती पांढऱ्या गणवेशात आली, गुडघ्याला पट्टी, आरसा नवा, पिशवी पायाशी. मी म्हटलं, "मी मागे असेन, पण बरीच मागे. तू वळून बघायचं नाही." तिने मान हलवली. तिने खरंच वळून बघितलं नाही. खानवेल गेलं, साग गेले, मी पडले ते वळण गेलं. मला ते ओलांडल्यावर लक्षात आलं. पुढचे उतार माझ्यासाठीही नवे होते. एका वळणावर झाडी उघडली आणि खाली धरणाचं पाणी दिसलं, लांबच लांब, मध्ये टेकड्यांची बेटं. इतकी वर्षं इथे राहून मी ते पहिल्यांदा बघत होते. थांबावंसं वाटलं, पण समोर तिची गाडी उतरत होती, धरा-सोडा, धरा-सोडा, मागचा लाल दिवा बेताने लागत आणि विझत. मी थांबले नाही.

दुधनी मागे पडलं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, समोर अंगण आणि हातपंप. मी पोचले तेव्हा रंजना हेल्मेट काढत होती. तिथली मदतनीस बाई दारातून बाहेर आली होती, हातातला झाडू तसाच.

"नवीन सिस्टर ना? बस तर अजून आली नाही. सोडलं कोणी तुम्हाला?"

"कोणी नाही," रंजना म्हणाली. "मीच आले."

बाईने तिच्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, मग रस्त्याकडे. मी अंगणात वळत होते.

"मग या कोण?"

रंजनाने आता वळून माझ्याकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच. तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"या होय?" ती म्हणाली. "यांनाही इकडे यायचं होतं."

मी गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि बाईंकडे प्यायला पाणी मागितलं.